साडेआठ मीटर कांदा

हायस्कूलच्या मैदानाला चार बाजू होत्या. एकीला शाळा, दुसरीला रस्ता, तिसरीला ओढा आणि चौथीला सुसाटचा कांदा. शंभर मीटरची शर्यत शाळेच्या कचेरीच्या भिंतीपाशी सुरू व्हायची आणि कांद्याच्या बांधाला येऊन संपायची. अठ्ठेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. भिंतीची तक्रार नव्हती, कांद्याचीही नव्हती.

सुसाट हे काही त्याचं नाव नव्हे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, पण ते शाळेच्या दाखल्यात पडून होतं आणि तिथून बाहेर काढायची वेळ कधी आली नव्हती. सतराव्या वर्षी तो या मैदानावर शंभर मीटर अकरा सेकंदांत धावला. शाळेच्या व्हरांड्यात विक्रमांचा एक काळा फळा आहे. त्यावर पेंटरनं दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रंगात लिहिलं, '१०० मीटर, ११ सेकंद, सुसाट'. खरं नाव लांब होतं आणि डब्यात रंग थोडा होता. त्याला तेवीस वर्षं झाली. फळ्यावरचे बाकीचे विक्रम दर दोन-तीन वर्षांनी पुसले जात. लांब उडीचा तर इतक्या वेळा पुसला गेला की तिथं लाकूड दिसायला लागलं. सुसाटची ओळ मात्र कुणाला हलवता आली नाही.

आता तो चाळिशीत होता. बांधावर त्याचं पोट त्याच्या आधी पोचायचं. गेल्या दहा वर्षांत तो दोनदाच धावला होता आणि दोन्ही वेळा मागे मधमाश्या होत्या. पण गावात मान होता. न्हाव्याच्या दुकानात कितीही गर्दी असो, खुर्ची आधी त्याला. बस सुटताना कुणी ओरडलं, "थांबा, सुसाट यायचाय," की कंडक्टर म्हणायचा, "तो काय, येईल पळत," आणि घंटी मारायचा. मानाचे असे तोटेही असतात.

शाळेचं एक जुनं दुखणं होतं. घरच्या मैदानावर वाऱ्यासारखी पळणारी पोरं जिल्ह्याच्या स्पर्धेत कायम चौथी-पाचवी यायची. नव्वद मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढं, आणि मग गाडीतलं तेल संपावं तशी ढेपाळायची. गावानं यावर खूप डोकं चालवलं. आधी जेवणाला दोष दिला, मग वाऱ्याला, आणि शेवटी जिल्ह्याचं मैदानच शेवटच्या टप्प्यात चढाचं आहे, असं ठरलं. एका वर्षी सुतार खिशात गोटी घालून गेला आणि नेमक्या त्या टप्प्यात ठेवून बघितली. गोटी हलली नाही. मग गोटी जिल्ह्याच्याच दुकानातून घेतलेली होती हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि विषय मिटला.

यंदा ही पाळी सुसाटच्या लेकीवर आली होती. दहावीत होती. हिचे पाय कानांपासून सुरू होतात, असं तिचे आजोबा म्हणायचे. मागच्या महिन्यात जिल्ह्याला ती नव्वद मीटरला पहिली होती आणि शंभरला पाचवी. वीस दिवसांनी निवडीची शर्यत होती. पहिल्या दोघींना मोठ्या शहरातल्या खेळाच्या वसतिगृहात घेणार होते. शिकणं, राहणं, सराव, सगळं तिथंच. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

आणि यंदाच शाळेला खेळाच्या नव्या बाई मिळाल्या होत्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची आणि पिशवीत पोलादी टेप. शिट्टीची शाळेला सवय होती.

सुसाट आणि त्याची बायको वाफ्यात उकिडवी बसून गवत काढत होती, तेव्हा बाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, हे टोक धरता का जरा?"

सुसाटनं खुरपं ठेवलं, हात विजारीला पुसले आणि टोक धरलं. बाई टेप सोडत शाळेकडं निघाल्या, मधे थांबल्या, खूण केली, पुन्हा निघाल्या, कचेरीच्या भिंतीला टेकल्या. मग वहीत काहीतरी लिहून परत आल्या.

"एक्क्याण्णव पॉइंट पाच."

"म्हणजे?"

"म्हणजे साडेआठ मीटर कमी आहे."

"टेप आखडली असेल."

"पोलादी आहे, दादा."

"नवी आहे ना? सरावली नसेल अजून."

दुसऱ्या वेळी टोक शिपायानं धरलं. तिसऱ्या वेळी हेडसर स्वतः आले. ते याच शाळेचे विद्यार्थी, त्यांनी चष्मा पुसून, गुडघे टेकून आकडा बघितला. एवढा मान देऊनही टेप बधली नाही. एक्क्याण्णव पॉइंट पाच.

हेडसर उठले आणि समोर होती ती चार माणसं बघून म्हणाले, "माझ्या विद्यार्थी मित्रांनो." त्यांना दोनापेक्षा जास्त माणसं दिसली की हेच सुचायचं. पण पुढं काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून ते कचेरीत गेले आणि दार लावून बसले.

सुसाट बांधावर बसून बोटं मोजत राहिला. एक्क्याण्णवला अकरा, तर शंभरला किती? गणित त्याला कधी जमलं नव्हतं. पण उत्तर अकरा येणार नाही एवढं कळत होतं.

बायको वाफ्यातूनच म्हणाली, "बाराच्या घरात जातं."

"तुला कुणी विचारलं?"

"आमच्या शाळेत मी साडेतेराला पळायचे," ती मान वर न करता म्हणाली. ती दुसऱ्या गावची. "पूर्ण शंभर."

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. गावातली एकूण एक माणसं या शाळेत शिकलेली, त्यामुळं जो तो आपापला हिशोब घेऊन बसला. गोळाफेकवाले म्हणाले, गोळ्याचं वजन करून घ्या आत्ताच्या आत्ता. आणि खरी कळ लागली ती पाइपवाल्याला. त्याचं असं झालं होतं की गावात अंतर मोजायची रीतच 'मैदान' अशी होती. विहिरीपासून मळा किती? चार मैदानं. म्हणजे चारशे मीटर पाइप. आणि दर वेळी पाइप उरायचा. चाळीस वर्षं गावाची समजूत अशी की आपला पाइपवाला देवमाणूस आहे, मापात जास्तच घालतो. पोरीच्या लग्नात त्याला सगळ्यांनी मदत केली होती ती त्यापायी. त्या संध्याकाळी तीन जण उरलेल्या पाइपाची भेंडोळी घेऊन त्याच्या दारात उभे होते.

"मी कधी म्हटलं जास्त देतो म्हणून?" पाइपवाला रडकुंडीला आला. "तुम्हीच म्हणायचात!"

सुसाट दाढी करायला न्हाव्याकडं गेला. खुर्ची रिकामी होती. तो बसायला वळला तर न्हाव्यानं मागच्या बाकावरच्या दोघांकडं बघितलं.

"हे आधीचे आहेत," न्हावी म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "बस ना, साडेआठ. होईल लगेच."

बाकावरचे दोघं हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर कुणीतरी ओरडलं, "थांबा, साडेआठ यायचाय!" आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा कंडक्टर थांबला.

बाई घरी आल्या त्या दिवेलागणीला. सुसाटचे वडील, आबा, ओट्यावर खाटेवर पडले होते. बोलायला कुणी मिळालं की आबा सोडत नसत, पण त्या दिवशी त्यांनी बाईंना बघितलं आणि कूस बदलली.

"तिची वेळ चांगली आहे," बाई लेकीकडं बघून म्हणाल्या. "खोट इतकीच की तिला एक्क्याण्णवच्या पुढं धावताच येत नाही. कधी धावलीच नाही ना."

"मला कळतं ते," लेक म्हणाली. दाराच्या चौकटीला टेकून ती एका पायावर उभी होती. "तिथं आलं की पाय म्हणतात, झालं. मी म्हणते, अजून आहे. ते ऐकत नाहीत."

"रस्त्यावर पळव ना तिला," सुसाट म्हणाला. "रस्ता काय कमी लांब आहे?"

"खडी आहे, दादा. घोटा मुरगळला म्हणजे संपलं. आणि नुसती तीच नाही, दोनशे ऐंशी मुलं आहेत शाळेत. एकीकडं भिंत आहे. ती मागं सरकत नाही."

"आणि कांदा सरकतो?"

चुलीपुढून बायकोनं झाकण जरा जोरात ठेवलं.

"कांद्याला अजून चाळीस दिवस हवेत," सुसाट म्हणाला. "आत्ता कुठं लिंबाएवढा झालाय."

"मला वीसच आहेत," लेक म्हणाली.

ती उद्धटपणे नाही म्हणाली, नुसता आकडा सांगितला. सुसाटला तो आकडा रात्री जेवताना भाकरीवर दिसला, पाण्याच्या तांब्यात दिसला. सकाळी उठून तो शाळेत गेला आणि बाईंना म्हणाला, "एक पट्टी देतो. एका माणसाच्या रुंदीची. बाकीच्यांना जिल्ह्याला जायचंय का?"

"सव्वा मीटर लागेल."

"सव्वा कशाला? तिला धावायचंय, लोळायचं नाही."

एक मीटरवर तडजोड झाली.

वाफ्याला आदल्याच दिवशी पाणी दिलेलं होतं. चिखल घोट्याला चिकटत होता. सुसाट आणि बायको समोरासमोर वाकून उपटत आली, पातीला धरून, हलकं पिळून, ओढून. कोवळा कांदा सुटताना दात उपटल्यासारखा आवाज करतो. दहा पावलं उपटल्यावर सुसाटची कंबर धरली. तो उभा राहिला तर निम्माच उभा राहिला. मग कुदळीनं वरंबे मोडले, ढेकळं फोडली, धुमसानं जमीन बडवली. धुमस म्हणजे लाकडाचा दांडा लावलेला लोखंडी ठोकळा. तो उचलताना दर वेळी पोट मधे यायचं. दुपारी शिपायानं चुन्याच्या दोन रेघा ओढल्या. मैदानाला करंगळी फुटली.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला सहा पोरं सोडली. बांधापर्यंत सहाही पोरं शेजारी शेजारी आली आणि पुढं एक मीटर बघून एकदमच त्यात शिरली. दोघांची टाळकी आपटली, एकजण वाफ्यात बसला, एकाचा जोडा दुसऱ्याच्या पायात आला. हेडसरांनी शिस्तीच्या दृष्टीनं नियम केला, बांधाशी पोचल्यावर रांग लावायची आणि उरलेले साडेआठ मीटर पाळीपाळीनं धावायचे. त्या दिवशी एका पोराची शंभर मीटरची वेळ सव्वाचार मिनिटं भरली. त्यातली चार रांगेत.

"हे असं चालायचं नाही, सर," बाई म्हणाल्या.

"पण शिस्त बघा," हेडसर म्हणाले.

शाळा सुटल्यावर बाईंनी एकट्या लेकीला पळवलं. सुसाट करंगळीच्या टोकाशी, कांद्यात उभा होता. लांब भिंतीपाशी ती वाकलेली दिसली. शिट्टी वाजली. आधी नुसता धुरळा, मग गुडघे, मग तिचं तोंड, दात ओठावर दाबलेले. आपण असेच दिसत असू, सुसाटला वाटलं. आणि बांध आला आणि तिचे पाय बदलले. पाऊल आखूड झालं. टाच उचलली गेली. दोन्ही बाजूंच्या पातीकडं डोळे जात होते, डावीकडं, उजवीकडं, आणि ती त्या पट्टीतून अशी आली, जशी कुणी पोरगी हातात भरलं भांडं घेऊन ओल्या फरशीवरून येते.

"का गं?" बाई ओरडल्या. "मोकळं आहे की!"

"कांदा आहे," लेक धापा टाकत म्हणाली.

"तू त्यावर थोडीच धावतेयस?"

"पाय लागला तर?"

बाई वहीत काहीतरी लिहायला लागल्या. सुसाटला आठवलं. ती तीन वर्षांची असताना वाफ्यातून पळाली होती, तेव्हा त्यानंच तिच्या पाठीत धपाटा घातला होता. रानात पाय जपून टाकायचा, हे तिला त्यानं शिकवलं होतं आणि शिकवायला एकदाच लागलं होतं. पोरगी हुशार.

आणखी तीन वेळा धावली. तीनदाही तसंच.

घरी ओट्यावर उपटलेल्या कांद्याचा ढीग पडला होता. सुसाट आणि आबा जुड्या बांधत बसले. आठ जुड्या होईपर्यंत आबा गप्प. नववीला त्यांनी दोरी खाली ठेवली.

"ते आपलं नाहीच."

"काय?"

"ते रान. साडेआठ मीटर. शाळेचंच आहे."

सुसाटनं जुडी बांधली, गाठ मारली, मग वर बघितलं.

"शाळा काढायची ठरली," आबा म्हणाले, "तेव्हा पहिले हेडमास्तर घरोघर फिरले. कुणी दगड दिले, कुणी लाकूड दिलं, ज्याच्याकडं काही नव्हतं त्यानं महिनाभर माती वाहिली. मी मैदान दिलं. भिंतीपासून शंभर मीटर लांब, असं कागदावर लिहून दिलं. मास्तरांनी माझाच विहिरीवरचा दोर घेतला, वाळवून शाळेतल्या मीटरच्या पट्टीनं मोजला, शंभराला तांबडं फडकं बांधलं. पण आखणीला उशीर झाला आठ दिवस. दोर मला लागायचा पाण्याला. मी तो पुन्हा विहिरीवर नेला."

"मग?"

"आखणीच्या दिवशी सकाळी तसाच काढून आणला. निथळत होता. ओला दोर आखडतो. हे पाणी ओढणाऱ्या माणसाला कळतं. मास्तर शहरातले, नळाचं पाणी पिणारे."

"आणि तुम्ही?"

"मी घाईत होतो. दगड पुरले, भाषण झालं, फोटो काढला. कचेरीत लावलाय बघ, मला मधोमध उभं केलंय. दुसऱ्या दिवशी दोर वाळला. सहज धरून बघितला, तर फडकं माझ्या रानात आठ-नऊ पावलं आत आलं."

"मग सांगायचं नाही का, आबा?"

"म्हटलं, उभं पीक आहे. निघालं की सांगू. पीक निघालं, दुसरं पेरलं होतं. म्हटलं, हे निघालं की सांगू."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"रान मोकळं राहतं होय कुठं? एक निघालं की दुसरं." आबांनी डोळे पुसले. समोर कांदा होता, त्यामुळं कशाचं पाणी ते सांगता येत नाही. "पुढं मास्तर वारले. मग सांगायचं कुणाला? फोटोला?"

आतून बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आबा," सुसाट म्हणाला, "म्हणजे तुमच्या ओल्या दोरामुळं मी तेवीस वर्षं सुसाट होतो."

"मग तक्रार कसली करतोस?" आबा म्हणाले.

ते खरंच होतं. सुसाटला हसू आलं, ते त्यानं दाबलं, दाबलेलं नाकातून बाहेर आलं. बायको पदर तोंडाशी धरून आत पळाली. आबा मात्र हसले नाहीत.

"माझ्या हातात जोर असता तर मीच उपटला असता," ते म्हणाले. "दिलेलं रान पेरून खाल्लं मी. घास उतरायचा, पण आवाज करत उतरायचा."

सकाळी सुसाट कचेरीत गेला. भिंतीवर फोटो होता. तरणे आबा मधोमध, छाती पुढं काढून, हातात दोराचं भेंडोळं. दोरातून अजून पाणी ठिबकत असावं, पायाशी काळा डाग होता. इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं ती सावली आहे.

त्यानं हेडसरांना सगळं सांगितलं आणि म्हणाला, "साडेआठही मीटर घ्या. पूर्ण रुंदी. आणि फळ्यावरची माझी ओळ पुसा."

हेडसरांनी रान घेतलं, पण ओळीवर अडले. "पुसू कशी? तुम्ही अकरा सेकंद धावलात ना?"

"धावलो."

"मी स्वतः तेव्हा कडेला उभा होतो. सेकंद खरे आहेत. खोटं काही असेल तर अंतर." त्यांनी पेंटरला बोलावलं. पेंटरनं १०० खोडून ९१.५ केलं, बाकी ओळ तशीच ठेवली. ती वाचताना हेडसरांच्या मनात काहीतरी आलं. त्यांनी दोन दिवस चौकशी केली, जाडजूड पुस्तकं चाळली, जिल्ह्याला फोन केला, आणि प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं की साडेएक्क्याण्णव मीटरची शर्यत जगाच्या पाठीवर दुसरं कुणीच धावत नाही. सबब हा जागतिक विक्रम समजायला हरकत नसावी. न्हाव्यानं हे ऐकलं आणि त्याची पंचाईत झाली. जागतिक माणसाला बाकावर कसं बसवायचं?

पण ते नंतर. त्या दिवशी हेडसर सुसाटबरोबर बाहेर आले, घंटा द्यायला सांगितली, आणि चौथा तास रद्द केला.

सुसाटचा अंदाज होता की नवरा-बायकोला दोन दिवस लागतील. दोनशे ऐंशी पोरं बांधावर येऊन उभी राहिली. मागून सुतार आला, न्हावी वस्तरा खिशात घालून आला, पाइपवाला आला आणि त्याच्या दारात भांडायला आलेले तिघंही आले. आबांना शिपायानं खुर्चीसकट उचलून आणलं.

"पात धरा, पिळा, मग ओढा," सुसाटची बायको ओरडली. "नुसती ओढली तर पात हातात येईल आणि कांदा खाली राहील. अरे ए, तू, तुला शाळेत हेच शिकवतात का?"

सगळी वाकली. साडेआठ मीटर कांदा एका तासात निघाला. सगळ्यांचे डोळे गळत होते, कोवळ्या पातीचा वास शाळेच्या खिडक्यांतून आत शिरला तो पुढं आठवडाभर भूगोलाच्या तासालाही येत राहिला. हेडसरांना रडताना शाळेनं पहिल्यांदा बघितलं. ज्याला त्याला जाताना एकेक जुडी दिली. उरलेल्या आठ-दहा टोपल्या कचेरीत ठेवल्या, म्हणून हेडसर दोन दिवस व्हरांड्यात बसले.

शेवटचा कांदा सुसाटनं आबांच्या हातात दिला. पातीसकट, मातीसकट. आबांनी तो हलवून माती झाडली, ती मैदानात पडली, आणि मग ते नेहमीसारखे शेजारच्या पोराला धरून बोलायला लागले.

दोन दिवस बडवून, रूळ फिरवून जमीन बसवली. बांध मोडून पुढं सरकवला. चुना मारला. या खेपेला बाईंनी टेप धरली आणि आबांनी खुर्चीतून आकडा वाचून घेतला. शंभर. आबांनी तो तीनदा वाचायला लावला.

निवडीला तेरा दिवस राहिले होते.

लेक भिंतीपाशी जाऊन वाकली. सुसाट नव्या रेघेच्या थोडा पलीकडं, बांधावर उभा राहिला. त्याच्या मागं त्याचा उरलेला कांदा. शिट्टी वाजली.

ती आली. पन्नास. सत्तर. जुन्या बांधाची जागा अजून जराशी काळी दिसत होती, ओली. तिचा पाय त्या काळ्या पट्ट्यावर पडला आणि पुढचा पाय आखूड झाला नाही. डोळे डावीकडं गेले नाहीत, उजवीकडं गेले नाहीत. रेघ तिच्या पायाखालून गेली आणि बाईंनी घड्याळ दाबलं, आणि ती थांबलीच नाही.

थांबायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे पाय आजवर नव्वदलाच आवरायचे, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं की शंभर मीटर धावणाऱ्याला शंभरच्या पुढंही जागा लागते. ती सुसाटच्या अंगावरून गेली असती, तो बाजूला झाला म्हणून वाचला. बांध तिनं ओलांडला आणि ती सरळ कांद्यात शिरली, फचाफच, वाफ्यामागून वाफा, माती उडवत, पात मोडत, हात पंखासारखे करून तोल सांभाळत, आणि बरीच आत जाऊन एकदाची थांबली.



लेकीनं मागं वळून बघितलं. तिच्यामागं मोडलेल्या कांद्याची वाट पडली होती. तिचा चेहरा तीन वर्षांच्या पोरीसारखा झाला.

"बाबा," ती म्हणाली. "मी मुद्दाम नाही."

"वेळ काय आली?" सुसाटनं बाईंना विचारलं.

बाई घड्याळ बघत होत्या, पुन्हा बघत होत्या. "बसते," त्या म्हणाल्या. "दादा, पहिल्या दोघींत बसते." मग त्यांनी कांद्यातल्या वाटेकडं बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "पण पुढं थांबायला जागा लागणार. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. मोजू का किती ते?" त्यांनी पिशवीत हात घातला.

"टेप राहू द्या," सुसाट म्हणाला.

तो बांध उतरला आणि लेकीच्या पावलांच्या कडेकडेनं आत गेला. ती हलली नव्हती, मान खाली घालून, घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. तिच्या पुढच्या पायापुढं त्यानं खुणेला एक ढेकूळ ठेवलं. मग शाळेकडं तोंड केलं, कंबर धरून वाकला, आणि पहिली पात हातात घेतली.

"बघत काय उभी राहिलीस?" तो म्हणाला. "धर तिकडून."